आधी गालिचा उलटा करा

तुम्ही चौदा फोटो पाठवलेत आणि त्यातला एकही मागच्या बाजूचा नाही. दुकानदार दाखवत नाही आणि आपण मागत नाही, हे नेहमीचंच. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घोडबंदर रोडला, कासारवडवलीजवळ बाराव्या मजल्यावर नवं घर घेतलंत. हॉल अकरा बाय सोळा. मुंबईतल्या एका दुकानदाराने साडेचार बाय सात फुटांचा गालिचा दाखवला. ‘इराणी, हाताने विणलेला, शंभराच्या वर वय’ असं सांगून एक लाख चाळीस हजार मागितले. पुरावा म्हणून किनारीत विणलेला आकडा दाखवला. घरात सव्वा वर्षाचा मुलगा आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. तर हा घ्यावा का, आपल्या पावसाळ्यात टिकेल का, आणि जुनाच घ्यायचा तर काय बघून घ्यायचा?

मी सत्तावीस वर्षं ठाण्यात गालिच्यांची रफू आणि दुरुस्ती करतोय. विक्री अगदी थोडी. माझ्याकडे गालिचे येतात ते बहुतेक आजारी पडल्यावर, त्यामुळे माझी नजर जरा शंकेखोर झाली आहे, तेवढं वजा करून वाचा. काम शिकलो भदोहीच्या, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या गालिच्यांच्या गावच्या, एका उस्तादांकडे. गालिचा समोर आला की नक्षीकडे न बघता ते आधी कोपरा धरून तो पालथा घालायचे. ‘मुँह तो सबका अच्छा होता है,’ म्हणायचे.

पण पाठीकडे वळण्याआधी तो आकडा. फोटोत तो स्वच्छ दिसतोय: १३२७. फारसी आकडे ओळखायला अवघड नाहीत. एक म्हणजे उभी रेघ, तिनाला वर तीन दाते, दोनाला दोन, आणि सात म्हणजे वर तोंड उघडलेला कोन. दुकानदाराने हे हिजरी चांद्र वर्ष धरलं आहे. चांद्र वर्ष आपल्या इंग्रजी वर्षाहून साधारण अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून नुसते ६२२ मिळवून भागत नाही. आकड्याला ३३ने भागायचं, भागाकार मूळ आकड्यातून वजा करायचा आणि मग ६२२ मिळवायचे. १३२७ला ३३ने भागले की ४० येतात, वजा करून उरले १२८७, त्यात ६२२ मिळवले की १९०९. म्हणजे दुकानदाराचा हिशेब बरोबर आहे. फक्त इराणने १९२५ साली सौर हिजरी पंचांग अधिकृत केलं, आणि त्या पंचांगात १३२७ म्हणजे १९४८-४९. आपल्याकडे एखाद्या कागदावर नुसतं ‘१८७०’ लिहिलेलं सापडलं तर ते शके की संवत, हे आधी ठरवावं लागतं; मध्ये १३५ वर्षांचं अंतर आहे. इथे अंतर चाळिसाच्या आतबाहेरचं आहे, पण त्या चाळीस वर्षांतच ‘अँटिक’ आणि ‘जुना’ या दोन शब्दांमधली सगळी किंमत बसली आहे. व्यवहारात अँटिक म्हणजे शंभर वर्षं किंवा त्याहून जुना. पाऊणशे वर्षांच्या गालिच्याला दुकानदार ‘सेमी-अँटिक’ म्हणतात, आणि तो शब्द रबरासारखा हवा तेवढा ताणतात.

आकड्यात हातचलाखीही होते. तिनाचा एक दात उसवून त्या जागी शेजारच्या रंगाच्या गाठी भरल्या की तिनाचा दोन होतो आणि गालिचा एका दुपारीत शंभर वर्षांनी म्हातारा होतो. अशा जागी पाठीवर बोट फिरवा. नव्या गाठी किंचित उंच लागतात आणि त्यांची लोकर शेजारच्या लोकरीहून ताजी दिसते. तुमच्या आकड्यात तसं काही केलेलं मला वाटत नाही. तो खरा आकडा असावा, दुकानदाराने सोयीचं पंचांग निवडलं इतकंच. कदाचित त्यालाही दुसरं ठाऊक नसेल.

आता पाठ. पाठीवर जाड कापड चिकटवलेलं असेल तर तिथेच थांबा. तो टफ्टेड गालिचा. ताणलेल्या कापडात यंत्राने लोकर टोचतात, मागून लॅटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा, थर देतात आणि त्यावर कापड लावतात. यालाही ‘हँडमेड’ म्हणतात आणि ते अगदी खोटंही नाही, कारण यंत्र धरणारा हातच असतो. पण त्यात गाठ नसते. काही वर्षांनी लॅटेक्सचा भुगा होतो आणि फरशीवर पिवळट पूड पडायला लागते. माझ्याकडे असे गालिचे आले की मी परत पाठवतो, कारण त्यांना दुरुस्ती नाही.

खऱ्या गाठीच्या गालिच्यात पुढची नक्षी पाठीवर जवळजवळ तितकीच स्पष्ट दिसते. आणि दोन्ही टोकांच्या दशा, म्हणजे उपरण्याला असतात तशा, ही ताण्याचीच, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांचीच, टोकं असतात. मशीनच्या गालिच्याला त्या सहसा वेगळ्या शिवतात. जुन्या गालिच्याच्या दशा झिजून गेल्यावर मागाहून नव्याही लावलेल्या असू शकतात, तेव्हा नुसत्या शिवलेल्या दशा दिसल्या म्हणून खोटा ठरवू नका. ताणा आत कुठपर्यंत जातो ते बघा.

फोटोंवरून मला हा इराणातल्या हमदानच्या आसपासच्या एखाद्या गावचा वाटतो. मोठी भौमितिक नक्षी, जाडसर लव (वरचे उभे केस), आणि मापही तिकडचं नेहमीचं. या मापाला इराणात ‘दोझर’ म्हणतात, दोन झर लांब म्हणून. हमदानचा असेल तर पाठीवर एक खूण सापडेल. तिकडच्या गावांत बहुधा गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याचा, म्हणजे आडवा, एकच धागा घालतात, त्यामुळे उघडा राहिलेला पांढरा ताणा पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी दिसतो, बुद्धिबळाच्या पटासारखा. पाठीचा फोटो पाठवलात तर मी निम्म्याहून जास्त गोष्टी इथूनच सांगू शकेन.

गाठी मोजायच्या असतील तर टेप पाठीवर ठेवून एक इंच आडवं आणि एक इंच उभं मोजा. तुर्की पद्धतीच्या गाठीत एक गाठ ताण्याच्या दोन धाग्यांना वेढते, म्हणून पाठीवर तिचे शेजारीशेजारी दोन दाणे दिसतात. नवखा माणूस दोन्ही दाणे मोजतो आणि दुप्पट आकडा घेऊन खूश होतो. हमदानकडे हीच गाठ असते. तुमच्या गालिच्यात आडव्या आठ आणि उभ्या नऊ भरल्या, म्हणजे चौरस इंचाला बहात्तर, तर त्या भागासाठी ते चांगलं काम समजा. कोणी ‘फक्त बहात्तर?’ म्हणालं तर म्हणू द्या. गाठींच्या संख्येवरून दर्जा ठरतो ही समजूत काश्मिरी रेशमी गालिच्यांच्या बाजारात चालते. तिथे तिला अर्थ आहे. इंचात अठरा बाय अठरा, म्हणजे ३२४ गाठी असलेल्या चार बाय सहा फुटांच्या गालिच्यात सुमारे अकरा लाख वीस हजार गाठी होतात. रोज सात हजार गाठी मारणाऱ्या एका कारागिराचे ते एकशेसाठ दिवस. ती मजुरी किमतीत येणारच. पण इराणातला हेरिझ घ्या किंवा काकेशसकडचे जुने कझाक घ्या, ते जाड गाठींचे असतात आणि तरी चांगल्या जुन्या हेरिझसाठी लोक रांगेत असतात. तिथे किंमत लोकरीची, रंगांची आणि नक्षीतल्या धाडसाची.

लोकर हातानेच कळते. तळवा लवेवरून एकदा सरळ, एकदा उलट फिरवा. चांगली लोकर किंचित तेलकट, जिवंत लागते. कोरडी, ठिसूळ लागली, हाताला केस यायला लागले तर ती कडक रसायनांनी धुतलेली असू शकते. ‘रेशमी’ म्हणून व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) खपवतात, त्यापासून मात्र कटाक्षाने लांब राहा. दशांतला धागा जाळून फसू नका, तो सुती निघाला तर त्यावरून लवेबद्दल काहीच कळत नाही. लवेतून निघालेला एखादा केस जाळा. लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो, व्हिस्कोस कागदासारखं जळतं. व्हिस्कोसवर पाणी सांडलं की पिवळा डाग पडतो आणि लव चिकटून बसते. तुमच्या घरात सव्वा वर्षाचा मुलगा आहे, बाकी काय सांगू.

रंगांसाठी दोन बोटांनी लव दुभंगून बुडापर्यंत बघा. पहिला कृत्रिम रंग १८५६ साली सापडला आणि पुढच्या काही दशकांत असले स्वस्त रंग इराणपर्यंत पोचले. ते उन्हाने टिकत नसत. टोकाला फिका, बुडाशी भडक नारिंगी किंवा जांभळा असा फरक दिसला की तो त्यांतला समजा. मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा शेंड्यापासून बुडापर्यंत हळूहळू उतरतात. एकाच निळ्या जमिनीत, म्हणजे नक्षीमागच्या रंगात, आडवे फिकट-गडद पट्टे दिसले तर तो दोष समजू नका. लोकर थोडी थोडी करून रंगवली जायची, प्रत्येक घाणा वेगळा उतरायचा. याला ‘अबराश’ म्हणतात आणि पुष्कळ जण मुद्दाम तो बघून घेतात. हल्ली नव्या गालिच्यांत तो आखूनही विणतात, मग पट्टे फार शिस्तीत येतात. नव्याला जुना करण्यासाठी चहाच्या पाण्यात बुडवण्याचीही पद्धत आहे. अशा वेळी पांढरी लोकर बुडापासून शेंड्यापर्यंत सारखीच तपकिरी असते. खरं वय वरून मळतं आणि बुडाशी स्वच्छ राहतं.

पांढरा रुमाल ओला करून पिळा आणि लाल, काळ्या, निळ्या भागावर अर्धा मिनिट दाबून धरा. रुमालावर रंग आला तर तो गालिचा आपल्या हवेत ठेवायचा नाही. यावर मी वाद घालत नाही.

एवढं सगळं जमलं तरी एक गोष्ट राहते, आणि मी स्वतः तिथेच आपटलो होतो. धंद्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका जुन्या बंगल्यातलं सामान निघालं, त्यात एक काशान, म्हणजे इराणातल्या काशान शहरचा गालिचा, होता. निळी जमीन, मधोमध पदक, बघत राहावं असा. मी कडा तपासल्या, कोपरे उलटले, रंग पाहिले, पैसे मोजले. टेम्पोत चढवताना दोघांनी मधून दुमडला आणि पापड मोडावा तसा आवाज आला. मधल्या भागावर वर्षानुवर्षं कुंडी ठेवलेली होती. पाणी झिरपून ताण्याचं सूत कुजलं होतं आणि वरची लोकर मात्र शाबूत, कारण लोकर सुतापेक्षा ओल जास्त सोसते. वरून काही कळत नव्हतं. तो गालिचा शेवटी कापून उशांचे अभ्रे झाले. त्यातला एक मी अजून गाळ्यात ठेवलाय, रोज नजरेला पडावा म्हणून.

तेव्हा दुकानात गालिचा पूर्ण उलटा अंथरायला लावा. वीत-वीत अंतरावर दोन्ही हातांनी चिमटीत धरून हलकेच वाकवा आणि कान द्या. बारीक कडकड ऐकू आली, किंवा पाठीवर तपकिरी कडा असलेला डाग दिसला, तर तो सोडा. मग गालिचा उजेडाकडे उभा धरायला लावा, बारीक भोकांतून प्रकाश दिसतो. पाठीवर गाठीच नाहीशा झालेल्या, नुसता ताणा उघडा पडलेल्या वाकड्यातिकड्या रेघा म्हणजे कसर. कसरीच्या अळ्या लोकर आणि रेशीम खातात, सुताला सहसा हात लावत नाहीत, म्हणून नक्षी जाते आणि सांगाडा उरतो. बारीक वाळूसारखे कण आणि पांढरे कोष दिसले तर ती अजून जिवंत असू शकते.

दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज असा: काठ पुन्हा गुंडाळणं आणि टोकं बांधून घेणं हे स्वस्त काम, ते बघून घाबरू नका. भोक भरणं महाग. ताणा-बाणा नव्याने ओवून, रंग जुळवून एकेक गाठ घालावी लागते आणि हिशेब चौरस इंचावर होतो. कुजलेल्या गालिच्याला दुरुस्तीच नाही, टाका घालायला जावं तर शेजारचं सूत तुटतं. सारखी झिजलेली लव दुरुस्त करायला जाऊ नका, तिच्यावर प्रेम करता येत असेल तरच घ्या. विटलेल्या जागा फेल्ट पेनने रंगवून देणारेही आहेत. रुमाल त्यांनाही पकडतो.

आता आपली हवा. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता पंच्याऐंशी टक्क्यांच्या घरात असते, आणि तुमच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर. लोक जूनमध्ये गालिचा गुंडाळतात, प्लॅस्टिकमध्ये बांधतात आणि माळ्यावर टाकतात. दसऱ्याला उघडला की बुरशीचा वास, आणि तो घेऊन माझ्याकडे. प्लॅस्टिकमध्ये ओल आतच कोंडते आणि कसरीला अंधार लागतोच. पावसाळ्यात गालिचा वापरात ठेवणं सगळ्यांत चांगलं: पंख्याखाली, पाय फिरते असताना, दर पंधरवड्याला एकदा उचलून, सोफ्याखालचा भाग बाहेर काढून. ठेवायचाच असेल तर आधी झाडून, कोरड्या दिवशी, लव बाहेरच्या बाजूला ठेवून जाड नळीवर गुंडाळा आणि वर धुतलेली सुती चादर किंवा जुनी नऊवारी. महिन्यातून एकदा उघडा. डांबराच्या गोळ्या घरात लहान मूल असताना नकोतच. कसर लागलेला छोटा आसनाएवढा तुकडा असेल तर घट्ट पिशवीत बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवता येतो. माझे असे दोन-तीन तुकडे ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडे राहून आलेत. त्याच्या बायकोला अजून कल्पना नाही.

पावसापेक्षाही जास्त गालिचे मी फरशी पुसण्याने गेलेले पाहिले आहेत. कामाच्या मावशी ओलं फडकं गालिच्याच्या कडेला नेऊन थांबतात किंवा ओल्या फरशीवरच तो परत सरकवतात. रोज थोडी ओल, वर्षाचे तीनशे दिवस, आणि कडेचं सूत संपतं. त्यांना एकदा नीट समजावून सांगा: आधी उचलायचा, फरशी सुकू द्यायची, मग घालायचा. फिनेल लांब. गणपतीत, दिवाळीत सरळ काढून ठेवा. निरांजनाचं तेल निघतं, पण तेलात मिसळलेलं कुंकू निघालेलं मी पाहिलेलं नाही.

सासूबाईंसाठी गालिच्याखाली फेल्ट आणि नैसर्गिक रबराचं अस्तर घाला, सरकणार नाही आणि कोपरा उचलणार नाही. प्लॅस्टिकची जाळी उन्हाळ्यात टाइलला आणि पाठीला चिकटते. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर येऊ द्या. बाळाने शी-शू केली तर घासू नका. टिपून घ्या, थंड पाणी, पुन्हा टिपणं, आणि पंख्याखाली दोन्ही बाजूंनी पूर्ण सुकवणं. जुना गालिचा बाळाच्या अंगाखाली जाण्याआधी एकदा नीट धुऊनच घ्या. आधीच्या मालकांनी त्यावर कसरीसाठी काय काय पावडरी टाकल्या असतील कोण जाणे. हे धुणं दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत उरका.

इराणीच्या नादात आपल्याकडचे जुने गालिचे विसरू नका. एकोणिसाव्या शतकात आपल्या तुरुंगांत उत्तम गालिचे विणले जात. विंडसर कॅसलच्या वॉटर्लू चेंबरमधला अवाढव्य गालिचा व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणला. आपल्या येरवड्यातही गालिच्यांचं काम होतं, आणि विजापूरच्या आसार महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकला तिथे उतरवल्या गेल्या. तुरुंगातल्या मजुराला वेळेची घाई नव्हती, ते त्या गाठींत दिसतं. आग्रा, अमृतसर, मिर्झापूरचे जुने लोकरी गालिचे अजून घराघरांतून निघतात आणि ‘इराणी’ हा शब्द नसल्यामुळे बऱ्यापैकी भावात मिळतात. सव्वा वर्षाचं मूल असलेल्या घरात जुनी जाड सुती सतरंजी हाही वाईट पर्याय नाही. सूत असल्यामुळे कसरीची भीती जवळजवळ नाही.

कायद्याचंही एकदा सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की पुढे-मागे नणंद अमेरिकेला नेईल. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेली कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. खरंच १९०९चा असेल तर तो इथेच राहणार. १९४८चा असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला घेऊन इथून बाहेर नेता येईल; अमेरिकेत इराणी गालिचा येऊ देतात का, ते मात्र आधी तपासा. दुकानदाराने बिलावर ‘शंभर वर्षांहून जुना’ असं लिहून द्यायला कां-कूं केली तर त्याचंही उत्तर त्यातच आहे.

तुम्हाला मी शंभर वर्षांचा गालिचा सुचवणार नाही. पन्नास ते ऐंशी वर्षांचा, लोकरी, ताणा मजबूत असलेला, कडा जरा झिजलेल्या असल्या तरी चालतील असा घ्या. १३२७ म्हणजे १९४८ असेल तर हाच गालिचा तुमच्या घरासाठी योग्य ठरतो, फक्त एक लाख चाळीस हजार हा १९०९च्या गालिच्याचा भाव आहे. दुकानात जाताना टेप, टॉर्च आणि पांढरा रुमाल न्या. दिवसा जा, ट्यूबलाइटखाली बघू नका. पंचांगाची गोष्ट आधी काढू नका. पाठ, वाकवणं, रुमाल हे सगळं होऊ द्या, आणि भाव ठरवायची वेळ आली की मग विचारा, ‘हे चांद्र की सौर?’ त्याच्या चेहऱ्यावरून पुढचं ठरवा. आणि दोन दिवस घरी अंथरून बघायला मागा. चांगले दुकानदार डिपॉझिट घेऊन देतात. घरी आणलात तर आधी पाठीचा फोटो पाठवा, अगदी कोपऱ्यातला, टेप ठेवून.